उसवण

यंदाचा राजा उंचीला कमी, पोटाला जास्त.
झग्याला सात मीटर साटीन गेलं
आणि उधारीची वही उघडावी लागली.
शनिवारी पणजीत चित्ररथावर उभा राहून
तो हुकूम सोडील : खा, प्या, नाचा.
मंगळवारी रात्री राज्य खलास.
बुधवारी कपाळाला राख लावून
सेल्सो डायस बेतीच्या फेरीबोटीवर
पुन्हा दोर टाकायला हजर.

खांदा मापत होतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
स्विंडनहून मुलगी, इनासिन.
गोदामात पार्सलांवर पट्ट्या चिकटवते.
आजा फिरंग्यांच्या राज्यात जन्मला
म्हणून पासपोर्ट पोर्तुगालचा,
पासपोर्ट पोर्तुगालचा म्हणून नोकरी इंग्लंडची.

"पाय, इथं कँटीनमध्ये भांडण लागलंय,
राजा ठेवावा की काढावा.
एक म्हातारा म्हणतो, तो आमचा मान.
एक बाई म्हणते, मानाचं बिल मी का भरू?
मला विचारलं तर काय सांगू?"

सेल्सो हसला आणि दोन टाचण्या त्याच्या कुशीत शिरल्या.
"सांग, माझा बाप स्वतःच राजा आहे."
"चेष्टा पुरे. मेस्ताला विचार."

माझ्या तोंडात टाचण्या.
शिंप्याला एवढी सवलत असते.

फळीवरून डबा काढला.
बिस्किटांचा. आजीच्या तारवटी भावानं
मुंबई बंदरातून आणलेला.
झाकणावर इंग्रजांची राणी,
नाकावर गंज.
आत सोनेरी धाग्याची गुंडी.

सन दहा साली लिस्बनचा राजा पळाला,
आणि बराकीतून आमच्या दुकानी टोप्यांची पोती आली.
आजोबांना हुकूम : मुकुट उसवा.
टोपीमागे अर्धा तांगा.
आजोबांनी उसवले, पण धागा टाकवेना.
त्यांचा राजा ह्यांच्या राणीच्या डब्यात
तेव्हापासून गुपचूप पडून आहे.

आजोबा म्हणत,
मुकुटाखालचं कापड विटलेलं नव्हतं.
मुकुट निघाला तरी टोपीवर
मुकुटाएवढा गडद डाग.
तो डाग डोक्यावर घेऊन
पाखले आमच्या दारावरून फिरत राहिले
आणखी एक्कावन्न वर्षं.
राजा गेला. राज्य इथंच होतं.

मग एकसष्टचा डिसेंबर.
वडील रातभर तिरंगा शिवत बसले,
मी सात वर्षांचा, दिवा धरून.
केशरी कापड गावात नव्हतं,
आईनं लग्नातलं लुगडं पुढं केलं.
चक्राचे आरे वडलांनी अंदाजानं भरले.
सकाळी काठीवर चढला तेव्हा मी मोजले :
बावीस.
सांगणार होतो.
पण वडील रडत होते,
आणि त्यांना रडताना मी आधी पाहिलं नव्हतं.
देशाचा अभिमान असं कुणी म्हणालं की
अजून मला ते दोन आरे दिसतात,
नसलेले. त्या वेळी छाती मात्र भरून आलेली,
तीही खोटी नव्हती.

हे सगळं फोनवर कसं सांगायचं?
तिची सुट्टी पंधरा मिनिटांची.
टाचण्या काढल्या, म्हटलं,
"बाय, उसवायचा असला तर उसवा म्हणावं,
पण खालचं कापड आधी बघा."
"म्हणजे ठेवावा?"
"तसं नाही म्हटलं."
"मग काढावा?"
"तुझ्या हाताला तिथं थंडीनं भेगा पडतात का गं अजून?"
पलीकडे घंटा झाली.
पडतात, म्हणाली, आणि गेली.

डब्यात वीतभर धागा शिल्लक होता.
सेल्सोच्या झग्याच्या कॉलरीत, आतल्या बाजूनं,
कुणाला दिसणार नाही असा
चार टाक्यांत संपवला.
त्याला मानेशी खुपेल कदाचित.

बुधवारी तो झगा परत घेऊन आला.
पाठीवर फेणीचा वास, कडेला चिखल,
कपाळावर राख.
"राजे, बाकी?"
"पगार झाल्यावर, मेस्ता."
बाकीच्या देशांतले राजे
झगा परत आणतात की नाही, ठाऊक नाही.
पाणी तापत ठेवलं.
साटीन फार गरम पाण्यात घालू नये.